पहिली कादंबरी निवडायची कशी आणि सुचवायची कुणाला

नावाजलेल्या लेखकाचं पुस्तक सुचवण्यात फारशी जोखीम नसते. आवडलं नाही तर वाचणारा 'या वेळी काही जमलं नाही बुवा त्यांना' म्हणतो आणि विषय संपतो. ज्याचं नावच कुणी ऐकलेलं नाही अशा लेखकाची पहिली कादंबरी सुचवली आणि ती फसली, तर नावं सुचवणाऱ्याला ठेवली जातात. माझ्या एका काकांनी जन्मभर मुद्रितशोधन केलं. त्यांना मी मोठ्या उत्साहानं एक नवी कादंबरी दिली होती. आठवड्यात परत आली. पहिल्या चाळीस पानांवर पेन्सिलीच्या खुणा, सगळे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले, आणि एकेचाळिसाव्या पानापासून पुढे कोरं. "उरलेलं तू तपास," एवढंच म्हणाले.

पहिल्या कादंबऱ्या सुचवणं मी त्यानंतरही सोडलं नाही. पण सुचवण्याआधी काय काय बघायचं याची सवय लावून घेतली, ती इथे पायरीपायरीनं मांडतो आहे. आजवर ओळखीच्या नावांवरच विसंबून वाचलं आणि आता नव्या लेखकांकडे वळावंसं वाटतंय, अशांसाठी हे आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. घाई असेल तर तिसरी आणि पाचवी तेवढी नीट वाचा.

पायरी १ : 'पहिली' म्हणजे नक्की कितवी?

प्रश्न बालिश वाटतो, पण इथे घसरलात तर जाणकार वाचक तिथल्या तिथे पकडतो. पहिली कादंबरी वेगळी आणि पहिलं पुस्तक वेगळं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. 'माणदेशी माणसं' त्याआधीच, १९४९ साली, येऊन गेलं होतं. म्हणजे कादंबरीकार नवा, पण लेखणी मुरलेली. जॉर्ज साँडर्स यांना २०१७ साली बुकर मिळालं ते पहिल्यावहिल्या कादंबरीसाठी, पण कथाकार म्हणून तोवर त्यांचा चांगलाच दबदबा होता. अशा पुस्तकांत वाक्यं बहुधा घोटीव असतात. अडचण आलीच तर लांबीची येते, कारण कथा लिहिणाऱ्याच्या हाताला लवकर थांबायची सवय असते. कवीची पहिली कादंबरी असेल तर प्रसंग पुढे सरकतो की प्रतिमेवरच बसकण मारतो, हे आधी बघावं.

आधी लिहिलेली आणि आधी छापलेली, यांतही गल्लत होते. जेन ऑस्टेनची पहिली छापील कादंबरी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १८११ साली लेखिकेचं नाव न घालता निघाली. पण त्याच्या आठ वर्षं आधी, १८०३ साली, तिनं दुसरं एक हस्तलिखित प्रकाशकाला विकलेलं होतं. ते त्यानं छापलंच नाही. तिच्या मृत्यूनंतर ते 'नॉर्थँगर ॲबी' या नावानं बाहेर आलं. मग तिची पहिली कादंबरी कुठली म्हणायची?

टोपणनावाचा घोळ निराळाच. २०१३च्या एप्रिलमध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवख्या लेखकाची 'द ककूज कॉलिंग' ही रहस्यकादंबरी आली. जुलैत कळलं की हा नवखा लेखक म्हणजे जे. के. रोलिंग. तोवर ज्यांनी ती वाचून 'पहिल्या प्रयत्नाच्या मानानं हात फारच सफाईदार आहे' असं म्हटलं असेल, त्यांची वाचनदृष्टी चांगली म्हणायची.

भाषांतराच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. आपल्या भाषेत एखाद्याचं पहिलं पुस्तक आलं की आपण त्याला नवा लेखक समजून बसतो. हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' इंग्रजीत २०१५ साली आली आणि बऱ्याच वाचकांना त्यांचं नाव तेव्हाच कळलं. कोरियन भाषेत ती २००७ची आहे, आणि त्यांची पहिली कादंबरी त्याहून जुनी, १९९८ची.

आणि नवा लेखक म्हणजे तरुण लेखक, ही समजूत तर काढूनच टाका. पेनेलपी फिट्झजेरल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ साली आली तेव्हा त्यांनी साठी गाठलेली होती. दोनच वर्षांनी त्यांना बुकर मिळालं.

करायचं एवढंच : लेखकपरिचय वाचा, 'याच लेखकाची इतर पुस्तके' अशी यादी आहे का बघा, आणि भाषांतर असेल तर मूळ पुस्तकाचं साल शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी २ : शोधायचं कुठे

पुरस्कारांपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण विजेत्यावर थांबू नका. विजेत्याचं नाव सगळ्यांपर्यंत पोचतंच. खरा खजिना लांबलचक पहिल्या यादीत असतो. अमेरिकेत पेन/हेमिंग्वे पुरस्कार १९७६पासून पदार्पणाच्या पुस्तकाला दिला जातो. फ्रान्समध्ये गाँकूर अकादमीचा पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. आपल्याकडे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११पासून दिला जातो. त्यात अट वयाची आहे, पस्तिशीपर्यंतची. पुस्तक पहिलंच असावं असं बंधन नाही आणि ते कादंबरीच असावं असंही नाही, म्हणून तिथली यादी स्वतः चाळून घ्यावी लागते. नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'ला २०१८ साली हा पुरस्कार मिळाला, ती मात्र पहिलीच कादंबरी. बुकरसारख्या सर्वांसाठी खुल्या पुरस्कारातही पहिल्या कादंबऱ्यांनी वेळोवेळी बाजी मारली आहे : केरी ह्यूम १९८५, अरुंधती रॉय १९९७, अरविंद अडिगा २००८, डग्लस स्टुअर्ट २०२०.

पुरस्कारांच्या बाहेर मला सगळ्यात उपयोगी पडलेली जागा म्हणजे पुस्तकाचं ऋणनिर्देशाचं पान. पहिल्या कादंबरीत ते बहुधा लांब असतं, कारण लेखकाला एवढ्या वर्षांत मदत केलेल्या प्रत्येकाचे आभार एकाच दमात मानायचे असतात. त्यात संपादकाचं नाव असतं, कच्चा खर्डा वाचणाऱ्यांची नावं असतात, कधी कार्यशाळेचं किंवा आधी प्रकरण छापणाऱ्या नियतकालिकाचं नाव असतं. एक पहिली कादंबरी मनापासून आवडली की त्या पानावरचा संपादक शोधा आणि त्याच्या हाताखालून गेलेली आणखी दोन पुस्तकं उचला. चांगला संपादक किती काय करतो याचा नमुना म्हणून हार्पर लीचं उदाहरण सांगावंसं वाटतं. 'गो सेट अ वॉचमन' २०१५ साली प्रसिद्ध झालं, पण ते १९५०च्या दशकातलं लिखाण. संपादक ताय होहॉफ यांनी त्यातल्या बालपणीच्या आठवणींवर बोट ठेवलं आणि लेखिकेला ते सगळं नव्यानं लिहायला लावलं. त्यातून १९६० साली 'टु किल अ मॉकिंगबर्ड' उभी राहिली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की खर्डा आणि कादंबरी यांतलं अंतर डोळ्यांनी दिसतं.

ग्रंथालयात जात असाल तर ग्रंथपालाला 'नवीन काय आलंय' एवढंच विचारून थांबू नका. 'नव्यांपैकी कुठलं पुस्तक लोक मुदतीआधी परत आणतात' असं विचारा. मुदतीआधी परत येतं ते एकतर झपाटून वाचलेलं असतं किंवा वैतागून सोडलेलं. कुठलं काय, हे ग्रंथपाल चेहऱ्यांवरून सांगू शकतो.

मलपृष्ठावरच्या स्तुतीकडे मी शेवटी वळतो. पाठराखण कुणी केली आहे, तो त्याच प्रकाशनाचा लेखक आहे का, कौतुक या पुस्तकाचं आहे की एकूण 'नव्या पिढीचं', हे तपासा. ज्या मजकुरात पुस्तकातली एकही नेमकी गोष्ट येत नाही, तो मजकूर पुस्तक न वाचताही लिहिता येतो.

पायरी ३ : हातात घेऊन पारखणं

बहुतेक जण पहिलं पान वाचून ठरवतात. पहिल्या कादंबरीच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी चूक. प्रकाशकाकडे आधी पाठवायची असतात ती सुरुवातीची दोन-तीन प्रकरणं. नवा लेखक वर्षानुवर्षं तीच घासत बसतो. मित्रांना तीच वाचायला देतो, नकार आला की पुन्हा तीच बदलतो. त्यामुळे पहिलं पान म्हणजे या पुस्तकातलं सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं पान. त्यावरून लेखकाची जिद्द कळेल, कादंबरी कळणार नाही.

म्हणून मी तीन ठिकाणी उघडतो.

आधी साधारण चाळीस टक्क्यांवर. तीनशे पानांचं पुस्तक असेल तर एकशेविसाव्या पानाच्या आसपास. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो, शेवट अजून दिसत नसतो, आणि लेखकाला आता नुसत्या कामाच्या बळावर पुढे जायचं असतं. इथली चार पानं सलग वाचा. गोष्ट कळणार नाही, कळायची गरजही नाही. बघायचं ते हे, की या चार पानांत काही घडतंय, की पात्रं बसून आधी घडलेल्याबद्दल बोलताहेत? नव्या कादंबरीकाराचा पाय इथेच रुततो. पात्र खिडकीपाशी उभं राहतं आणि सहा पानं भूतकाळ आठवतं. एकदा झालं तर चालेल. चाळीस टक्क्यांवरही तेच आणि पुढे पन्नास टक्क्यांवरही तेच दिसलं, तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे संवाद. असं पान शोधा जिथे एखादं दुय्यम पात्र बोलतंय, दोन प्रसंगांपुरता आलेला शेजारी, शिपाई, लांबची आत्या. मुख्य पात्राचा आवाज लेखकाच्या आवाजाजवळचा असतो, तो जमून जातो. दुय्यम पात्रही तितकंच सुसंस्कृत, तितकंच चिंतनशील, पूर्ण वाक्यांत बोलत असेल, तर लेखकाला अजून दुसऱ्याचं ऐकू येत नाहीये. उलट, दोनच ओळी बोलून गेलेली आत्या तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, तर पुस्तक घ्या. बाकीच्या शंका नंतर बघू. माझ्या अनुभवात ही एक खूण क्वचितच चुकली आहे.

तिसरं, कुठलंही एक परिच्छेदभर वर्णन मोठ्यानं वाचा. लोक बघतात, बघू देत. 'जणू', 'सारखं', 'प्रमाणे' हे शब्द मोजा. एका परिच्छेदात चार उपमा असतील तर लेखकाला आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही, त्याला प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूचा हात धरून आणावी लागते. हा दोष पुढच्या पुस्तकापर्यंत सहज निघून जातो, म्हणून याच्यासाठी लेखकाला मोडीत काढू नका. पण सुचवताना तो लक्षात असू द्या.

शेवटची पानं मी उघडत नाही. रहस्यफोड होईल ही भीती गौण. पहिल्या कादंबरीचे शेवट पुस्तकाबद्दल फारसं सांगतच नाहीत, हे खरं कारण. ते एकतर घाईत उरकलेले असतात किंवा एकामागून एक तीन असतात. लेखकाला एवढ्या वर्षांनी त्या लोकांचा निरोप घेववत नाही.

आणि हो, काकांच्या पेन्सिलीमुळे शिकलेली गोष्ट : छपाईच्या चुका बघा. तुम्हाला खटकत नसतील, पण ज्याला पुस्तक देणार त्याला खटकू शकतात. लहान प्रकाशनांची पुस्तकं कधीकधी घाईत निघतात. त्यात लेखकाचा दोष असेलच असं नाही, पण वाचताना ठेच वाचकालाच लागते.

पायरी ४ : पूर्ण वाचताना

सोडायचं कधी, यासाठी नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा एक नियम प्रसिद्ध आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकानं पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत. पन्नाशीनंतर शंभरातून आपलं वय वजा करावं आणि उरतील तेवढीच द्यावीत. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसानं तीस पानांत निकाल लावला तरी चालतो. मला हा नियम आवडतो, पण पहिल्या कादंबरीसाठी मी तो वाकवतो. तीस पानं सुरुवातीची आणि वीस मधली. कारण वर सांगितलंच.

कुठले दोष पोटात घालायचे आणि कुठले नाहीत, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी माझं सांगतो. सगळंच कोंबण्याचा दोष मी माफ करतो. पहिली कादंबरी लिहिणाऱ्याला वाटतं की पुन्हा संधी मिळेल न मिळेल. मग आजोबांचा स्वभाव, शाळेतला अपमान, पहिलं प्रेम, देशाची परिस्थिती आणि वाचलेलं सगळं तत्त्वज्ञान एकाच पुस्तकात येतं. त्यात पसारा होतो, पण जन्मभर साठवलेलं असतं म्हणून ऐवजही असतो. तो ऐवज पुढच्या पुस्तकांत, हात बसल्यावर, पुष्कळदा पातळ झालेला दिसतो. आत्मचरित्राचा वासही मला चालतो. नायक लेखकच असला आणि तो कादंबरीच लिहीत असला, तर मात्र माझा संयम लवकर संपतो.

माफ करत नाही ती गोष्ट म्हणजे पात्रांवर राग काढणं. काही पहिल्या कादंबऱ्या जुने हिशेब चुकते करायला लिहिलेल्या असतात. एखादं पात्र, बाप, वरिष्ठ, आधीची प्रेयसी, पहिल्या ओळीपासून दोषी ठरलेलं असतं आणि शेवटपर्यंत त्याला स्वतःच्या बाजूचं एकही वाक्य मिळत नाही. भाषा कितीही सुंदर असो, असं पुस्तक मी कुणाला देत नाही.

सगळ्यात अवघड निवाडा म्हणजे लकब आणि आवाज यांच्यातला. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचा होता. पांडुरंग सांगवीकरचं ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' आज सगळ्यांना पाठ आहे, पण लेखकाचं नाव झाकून तीच पानं समोर आली असती तर कितीतरी काटेकोर वाचकांनी ते शब्द लाल पेनानं खोडले असते. मग ओळखायचं कसं? मी एक साधी गोष्ट करतो. ती लकब ज्या वाक्यात आहे त्यातून मनातल्या मनात काढून टाकतो. वाक्य नुसतं स्वच्छ झालं तर ती लकब होती. वाक्यामागचा माणूसच नाहीसा झाला तर तो आवाज होता. 'कोसला'तून 'वगैरे' काढून बघा, कळेल. आणि साठ वर्षांनंतरच्या एखाद्या पहिल्या कादंबरीत तोच 'वगैरे' भेटला, तर तो कुणाचा आहे हेही तुम्हाला कळेल.

वाचून झाल्यावर लगेच एक काम करा. पुस्तक मिटून, न बघता, लक्षात राहिलेल्या तीन गोष्टी लिहा. कथानक लिहायचं नाही, दृश्यं लिहायची. तीन निघाली नाहीत तर पुस्तक तुम्हाला आवडलं असेलही, पण सुचवण्याइतकं ते तुमच्यात उतरलेलं नाही. हे सहाव्या पायरीला लागणार आहे.

पायरी ५ : पुस्तकाआधी माणूस

इथे बहुतेक जण उलट्या दिशेनं जातात. एक पुस्तक आवडतं आणि मग ते भेटेल त्याला सुचवत सुटतात. प्रसिद्ध पुस्तकाच्या बाबतीत ते खपून जातं. पहिल्या कादंबरीला ओळखीच्या नावाचा टेकू नसतो, म्हणून ती योग्य हातातच पडावी लागते.

पुन्हा नॅन्सी पर्ल. त्यांनी पुस्तकात शिरायचे चार दरवाजे सांगितले आहेत : कथानक, पात्रं, स्थळ-काळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात, पण कुठला तरी एक जास्त रुंद असतो, आणि प्रत्येक वाचकाची एका दरवाजानं शिरायची सवय असते. भाषेच्या दारानं शिरणाऱ्याला वेगवान रहस्यकथा दिली की तो म्हणतो 'पोकळ आहे'. कथानकाच्या दारानं शिरणाऱ्याला संथ, सुंदर पुस्तक दिलं की तो म्हणतो 'काही घडतच नाही'. दोघांचंही बरोबर असतं.

समोरच्याचा दरवाजा कुठला हे त्याला थेट विचारून कळत नाही. 'तुम्हाला कुठल्या प्रकारची पुस्तकं आवडतात' याला लोक सभ्य उत्तर देतात, खरं देत नाहीत. मी दोनच गोष्टी विचारतो. अलीकडे कुठलं पुस्तक संपूच नये असं वाटलं? आणि कुठलं मध्येच सोडलं? दुसऱ्या प्रश्नाला माणूस मोकळा होतो. उत्तरात तो काय बोलतो ते ऐका. 'ती बाई असं वागूच कशी शकते' म्हणाला तर पात्रांचा माणूस. 'मला त्या डोंगरातून बाहेरच यावंसं वाटेना' म्हणाला तर स्थळाचा. ओळच म्हणून दाखवली तर भाषेचा.

पहिल्या कादंबऱ्या बहुधा भाषेच्या किंवा स्थळाच्या दारातून सगळ्यात सहज उघडतात. लेखकानं जी माणसं, जो परिसर, जी बोली जन्मापासून ऐकली ती पहिल्या पुस्तकात ताजी असते. कथानकाची बांधणी अनुभवानं येते. तेव्हा कथानकासाठीच वाचणाऱ्याला पहिली कादंबरी द्यायची असेल तर रहस्य किंवा ऐतिहासिक अशा ठरीव साच्यातली बघा. तिथे साचाच बांधणी सांभाळून नेतो.

आणखी एक गोष्ट विचारायची, पण आडून : सध्या त्या माणसाचं काय चाललंय. घरात आजारपण असलेल्याला आजारपणाची कादंबरी कधी हवी असते, कधी अजिबात नको असते. आपण ठरवू नये. पुस्तकात असा भाग असेल तर एका वाक्यात आधी सांगून टाकावं, 'मधे मुलाच्या मृत्यूचा प्रसंग आहे, बघ तुला आत्ता वाचवेल का', आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. नव्या पुस्तकात काय आहे हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे हे सांगायची जबाबदारी आपसूकच सुचवणाऱ्याकडे येते.

पायरी ६ : सुचवायचं कसं

एका वेळी एकच पुस्तक सुचवा. दहा पुस्तकांची यादी पाठवली की माणूस 'वा, छान' म्हणतो आणि एकही वाचत नाही.

बोलायला दोन-तीन वाक्यं पुरतात. समजा, एक कादंबरी आहे दोन बहिणींची. वडिलांच्या मागे घर विकायचं आहे आणि सामान वाटून घ्यायला त्या सहा दिवस एकत्र राहतात. हे असं सुचवता येतं : 'अप्रतिम, हृदयस्पर्शी, नात्यांची वीण उलगडणारी कादंबरी. नक्की वाच.' यातून ऐकणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. हेच वाक्य शंभर पुस्तकांना चालेल.

किंवा असं : 'दोन बहिणी वडिलांचं घर रिकामं करताहेत. एका कपाटासाठी चाळीस पानं भांडतात, आणि कपाट कुणालाच नको असतं. तुला ते भांडण आवडेल. शेवट थोडा घाईत उरकलाय, पण तोवर तू त्या घरात पुरती रमलेली असशील.' यात एक दृश्य आहे (चौथ्या पायरीच्या शेवटी लिहिलेल्या तीन दृश्यांपैकी), ते याच माणसाला का, हे आहे, आणि दोष आधीच कबूल केला आहे.

दोष सांगायला लोक कचरतात. सांगा. वाचणारा त्या जागी पोचतो तेव्हा त्याला वाटतं, हे आपल्याला सांगितलं होतं, आणि तो पुढे जातो. न सांगितलेला दोष भेटला की तो तुमच्या बाकीच्या कौतुकावरही शंका घेतो. अर्थात दोषांचीच जंत्री द्यायची नाही. एकच सांगायचा, आणि शक्य तर पान-प्रकरणासकट : 'तिसरं प्रकरण रेंगाळतं, चौथ्यापर्यंत धीर धर.'

तुलना टाळा. 'हा पुढचा अमुक' असं म्हणालात की वाचणारा प्रत्येक पानावर त्या अमुकला शोधतो, तो सापडत नाही, आणि बिचाऱ्या नव्या लेखकाचं स्वतःचं जे आहे ते बाजूला पडतं. प्रकाशक ही तुलना करणारच, त्यांना पुस्तक खपवायचं असतं. आपल्याला कुठे खपवायचं आहे? तुलना करायचीच असेल तर छोट्या गोष्टीची करा : 'अमुक कथेतला तो पावसातला प्रवास तुला आवडला होता ना, तसं एक प्रकरण यात आहे.'

'तुला आवडेलच' हेही नको. आवडलं नाही तर माणसाला उगाच अपराधी वाटतं आणि तो तुम्हाला टाळू लागतो. मग पुस्तकही परत येत नाही.

पायरी ७ : लेखक ओळखीचा असेल तर

सांगून टाका. 'माझा मित्र आहे, तेवढं वजा करून ऐक.' बस्स. मी एकदा हे लपवलं होतं. ऐकणारीला महिन्याभरानं दुसरीकडून कळलं, आणि त्यानंतर मी सुचवलेल्या प्रत्येक पुस्तकावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'हा तुझा कोण?'

मित्राची कादंबरी तुम्हाला आवडलीच नसेल तर सुचवू नका. विकत घ्या, वाचा, काय आवडलं नाही ते त्याला एकट्याला सांगा. मैत्रीसाठी एवढं पुष्कळ झालं.

पायरी ८ : वही, आणि दुसरी कादंबरी

एक वही ठेवा किंवा फोनमध्ये नोंद करा. पुस्तक, कुणाला दिलं, काय म्हणून दिलं आणि पुढे काय झालं. शेवटचा रकाना पुष्कळदा रिकामाच राहील. पाठपुरावा करू नका, 'वाचलंस का' हा प्रश्न दोनदा विचारला की तो तगादा होतो. पण जी उत्तरं येतील ती लिहा, विशेषतः 'नाही जमलं' ही. वर्षभरानं ती वही उघडली की आपले स्वतःचे पूर्वग्रह दिसतात. माझ्या वहीत दिसलं की मी संथ पुस्तकं घाईच्या माणसांना देतो, बहुधा त्यांना सुधारायच्या इच्छेनं. एकही सुधारला नाही.

त्याच वहीत मागच्या बाजूला लेखकांची नावं लिहून ठेवा : ज्यांची पहिली कादंबरी पुरती जमली नव्हती, पण संवादात ती आत्या जिवंत होती. सलमान रश्दींची पहिली कादंबरी 'ग्रायमस' १९७५ची. ती फारशी कुणाला आवडली नाही. सहा वर्षांनी 'मिडनाइट्स चिल्ड्रन' आली. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीनंतर दुसरीसाठी वाचकांना २०१७पर्यंत थांबावं लागलं, तब्बल वीस वर्षं. म्हणून मागच्या पानांवर मी तारखा घालत नाही. वर्षातून दोनदा ती नावं वरून खाली वाचतो आणि कुणाचं काही नवीन आलंय का ते बघतो. गेल्या खेपेला एकाचं आलं होतं. चाळीस टक्क्यांवर उघडलं. आत्या या वेळी दोन प्रसंगांपुरती नव्हती, सगळी कादंबरीच तिची होती. काकांना दाखवायचं का, हा विचार अजून चालू आहे. आधी एकदा ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतो.